लाईट जोडायला गेलेली माणसं

लाईट गेली की गावात सगळ्यांत आधी गिरणीवाल्याला कळतं. मोटारीचा आवाज उतरत जातो, पट्टा सैल पडतो आणि अर्धवट दळलेली बाजरी जात्यात अडकून राहते. मग बायका डबे खाली ठेवतात, पदरानं पीठ झटकतात आणि विचारतात, "किती वेळ लागंल?" जसं काही मलाच ठाऊक असतं.

मिरजगावात आमची पिठाची गिरणी आहे. अब्बांनी सुरू केली, आता मी बघतो. आमचा कर्जत तालुका दुष्काळी. इथं पाऊस कमी आणि वीज मोजून मिळते. शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. त्यामुळे आमच्याकडच्या लहान पोरालाही फेज, डीपी, फ्यूज हे शब्द शाळेत जायच्या आधी येतात. आणि गावातल्या वायरमनचा नंबर तोंडपाठ असतो.

माझा आतेभाऊ असाच एक वायरमन आहे. आयटीआय केलेला, ठेकेदारामार्फत लाईनवर लागलेला. कायम नाही. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यानंच सांगितलंय, "भाई, लिखना है तो लिखो, नाम मत डालो." ही गोष्ट २०२० च्या जूनची आहे. तेव्हा तो मिरजगावातून कोकणात लाईट जोडायला गेला होता आणि इकडं त्याच्याच गावात, माझ्या गिरणीत, अंधार होता. त्या अंधारात मी त्याला जे बोललो, ते इतकी वर्षं मनात राहिलंय. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी त्या वर्षीचा उन्हाळा आठवावा लागेल. मार्चच्या शेवटी दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि चार दिवसांत टीव्हीवर रोगाला धर्म मिळाला. आमच्याच जिल्ह्यात मशिदींत थांबलेल्या परदेशी तबलिगींवर गुन्हे दाखल झाले. गावात कुणी आम्हाला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. खोटं कशाला सांगू? पण माणसं थोडी लांबून जायला लागली. दळणाचा डबा हातात द्यायच्या ऐवजी ओट्यावर ठेवून मागं सरायला लागली. ते अंतर रोगाचं होतं की नावाचं, हे ओळखायला काही मार्ग नव्हता. आणि तेच जास्त टोचायचं.

आतेभावाला मात्र एकदा अगदी स्पष्ट ओळखता आलं. एका वस्तीवर डीपीचा फ्यूज गेला म्हणून फोन आला. हा मोटारसायकलवरून भर उन्हात गेला. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर डीपी होती, त्याच्या घरी यानं वर्षानुवर्षं चहा घेतलेला. त्या दिवशी तो माणूस लांबूनच हात करून म्हणाला, "आज राहू दे. उद्या दुसऱ्या कुणाला तरी पाठव." हा काही बोलला नाही. परत आला, गिरणीच्या ओट्यावर बसला आणि माठातलं पाणी प्यायला. दोन तांबे. दुसऱ्या दिवशी दुसरा कुणी मोकळा नव्हता, तेव्हा पुन्हा हाच गेला, फ्यूज टाकला आणि आला. पाणी बरोबर घेऊन गेला होता.

रमजान घरातच गेला. २५ मे ला ईद झाली, तीही घरातच. ईदनंतर जेमतेम आठवडा गेला आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा, झोत त्याहून जोराचे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, माणगाव, इकडं रत्नागिरीतले मंडणगड आणि दापोली तालुके त्यात सापडले. आमच्याकडं त्या दिवशी नुसतं भरून आलं आणि वारं सुटलं. टीव्हीवर आधी मुंबईचीच काळजी चालली होती. मुंबई वाचली म्हटल्यावर बातमी हळूहळू मागं पडली. पण रायगडच्या दक्षिणेकडं नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या होत्या, घरांवरचे पत्रे आणि कौलं उडाली होती आणि विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले होते. मोबाईलचे टॉवर बंद. कुणाला काय झालंय, हे सांगायलाही साधन नाही.

अशा वेळी त्या भागातले वायरमन कितीही राबले तरी पुरत नाहीत. त्यांच्या हाताखाली जेवढी माणसं आणि जेवढं सामान असतं, ते रोजच्या बिघाडाच्या हिशेबानं असतं. सगळं जाळंच कोसळलं तर बाहेरून माणसं आणावी लागतात. महावितरणनं राज्याच्या इतर भागांतून पथकं कोकणात पाठवली. कायम कर्मचारी होते, त्यांच्याबरोबर ठेकेदारांची मुलंही होती. आमच्या भागातून निघालेल्या एका टोळीत आतेभावाचं नाव आलं.

फुफी रडायला लागली. करोना, वरून वादळ, आणि कोकण म्हणजे तिच्या लेखी दुसरा मुलूख. तिनं मला बोलावून घेतलं, समजावून सांग म्हणाली. मी समजावलं, पण माझी कारणं फुफीच्या कारणांपेक्षा वेगळी होती. मी म्हणालो, "तू कायम आहेस का? काही झालं तर तुझ्या घराला कोण बघणार? आणि ज्या गावानं तुला पाणी दिलं नाही, त्या गावाच्या नावानं तू लोकांची लाईट जोडायला जाणार?" मला वाटलं, मी फार नेमकं बोललो.

तो पिशवी भरत होता. दोन जोड कपडे, हातमोजे, पक्कड, गोळ्यांची पुडी, जानमाज. म्हणाला, "भाई, वहाँ अंधेरा है ना. काम तो मेरेकू आता है." एवढंच.

भिगवण, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव असा रस्ता. एरवी दिवसभराचा. त्यांना दीड दिवस लागला, कारण माणगावच्या पुढं रस्त्यावर झाडं होती. जिथं गाडी थांबायची, तिथं उतरून करवतीनं झाड कापायचं, बाजूला ओढायचं, पुन्हा गाडीत बसायचं. त्यानं हे सांगितलं तेव्हा मला लहानपणी मदरशात शिकवलेली गोष्ट आठवली. रस्त्यातून लोकांना इजा करणारी वस्तू बाजूला करणं हाही सदका आहे, अशा अर्थाची पैगंबरांची शिकवण. आम्ही पोरं त्यासाठी रस्त्यातले काटे आणि दगड शोधत फिरायचो. तिकडं अख्ख्या फणसाचं झाड आडवं पडलेलं.

वादळानंतर लाईट कशी येते, हे मला त्याच्याकडून कळलं. आपल्याला वाटतं, कुणीतरी कुठंतरी बटण दाबलं की आली. प्रत्यक्षात ती पाण्यासारखी पाटानं येते. आधी मोठ्या उपकेंद्रापर्यंतची लाईन उभी करायची. मग तेहतीस हजार व्होल्टची, मग अकरा हजारची, मग डीपी, आणि डीपीपासून घरापर्यंत. मधला एक खांब राहिला तर पुढची सगळी वाडी अंधारात. त्यातही आधी दवाखाना, पाण्याची योजना, मोबाईलचा टॉवर. मग गाव. डोंगराच्या कडेला असलेल्या चार घरांच्या वाडीचा नंबर शेवटी. काही वाड्यांना महिना उलटून गेला तरी लाईट नव्हती. तिथली माणसं चिडली तर त्यांचं काय चुकलं? आणि खांबावर चढलेल्या पोराचं तरी काय चुकलं?

आमच्याकडं खांब पडला तर क्रेन किंवा ट्रॅक्टर शेतात नेता येतो. तिकडं लाईन वाड्यांमधून, डोंगर-उतारावरून गेलेली. गाडी जात नाही. सिमेंटचा खांब दहा-बारा माणसांनी दोराला बांधून, खांद्यावर घेऊन चढवायचा. वर पाऊस सुरू झालेला. खड्डा खणला की अर्ध्या तासात पाण्यानं भरायचा. कुठं वाळू, कुठं जांभा, जिथं पहार आपटली की हात झिणझिणतात. समुद्राच्या खाऱ्या हवेनं जुने लोखंडी खांब आतून खाल्लेले. बाहेरून धड दिसतात, पण चढायचा भरवसा नाही.

आणि एक भीती वेगळीच. लाईन तुटून पडलीय म्हणजे ती मेलेली आहे, असं धरून चालत नाही. कुणी घरात जनरेटर लावला आणि मेन स्विच बंद करायचा विसरला, तर ती वीज उलट्या वाटेनं डीपीत जाते. डीपीचं काम अकरा हजारचे चारशे करायचं, पण उलट्या बाजूनं गेलं तर तीच डीपी व्होल्ट वाढवून वरच्या लाईनवर सोडते. वर माणूस काम करत असतो. म्हणून काम सुरू करण्याआधी लाईनवर साखळी टाकून ती जमिनीला जोडायची, मगच हात लावायचा. आतेभाऊ म्हणाला, बाहेरून आलेल्या टोळीला यात स्थानिक वायरमनशिवाय पाऊल टाकता येत नाही. कुठली लाईन कुठून येते, कुठं दोन लाईनी एकमेकींवरून जातात, हे त्यालाच माहीत. त्यांच्याबरोबर असलेल्या स्थानिक वायरमनच्या स्वतःच्या घरावर पत्रा राहिला नव्हता. तो पहाटे यायचा आणि रात्री त्याच उघड्या घरात जायचा. त्याच्या घरची लाईट जोडायची गोष्ट यांनी दोनदा काढली. तो म्हणाला, "लाईनीत नंबर लागंल तेव्हा."

ही टोळी म्हसळ्याच्या बाजूला एका गावात उतरली होती. गाव बहुतेक कोकणी मुसलमानांचं. हा सगळा पट्टा तसाच आहे. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले बॅरिस्टर अंतुले याच तालुक्यातल्या आंबेतचे. घरोघरची माणसं मुंबईत नाहीतर आखातात. त्या जूनमध्ये ती सगळी जिथल्या तिथं अडकलेली. गावात म्हाताऱ्या, बायका आणि पोरं. फोन बंद. दुबईत बसलेल्या मुलाला आई जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नाही.

राहण्यासाठी मदरशाची इमारत दिली. लॉकडाऊनमुळं मुलं घरी गेलेली, खोल्या रिकाम्या. एका बाजूचे पत्रे गेले होते, दुसरी बाजू कोरडी होती. टोळीत आठ जण. त्यात मुसलमान आतेभाऊ एकटाच. एक जण माळकरी होता, गळ्यात तुळशीची माळ. त्या वर्षी पायी वारी रद्द झालेली. दरवर्षी सुट्टी काढून वारीला जाणारा माणूस. पहिल्या रात्री तो मदरशात आला नाही, टेम्पोत झोपला. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या रात्रीही टेम्पोत. तिसऱ्या रात्री असा पाऊस झाला की टेम्पोची ताडपत्री फाटली. मग तो पांघरूण घेऊन आत आला आणि आतेभावाच्या शेजारी जागा होती तिथं आडवा झाला. सकाळी कुणीच त्यावर बोललं नाही. मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात कुणी भाषण केलेलं नाही.

गावकरीही पहिले दोन दिवस जपूनच होते. मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांना शाळेत चौदा दिवस ठेवणारं गाव. ही तर परकी माणसं. जेवण यायचं, पण दाराबाहेरच्या कट्ट्यावर ठेवून पोरगा पळून जायचा. म्हणजे इथंही अंतर होतंच. मिरजगावात जे अंतर आतेभावाला नावामुळं मिळालं, ते इथं सगळ्या टोळीला मिळालं, आणि तेही ज्यांची नावं त्याच्यासारखीच होती त्यांच्याकडून. तो मला हसत हसत सांगत होता. मी हसलो नाही. भीती माणसाला सारखंच वागायला लावते, हे मला तोपर्यंत पुस्तकी वाटायचं.

जेवणात तांदळाची भाकरी आणि सुकट. समुद्रात मासेमारी बंदीचे दिवस, त्यामुळं ताजी मासळी नाही. बाजरी-ज्वारीची भाकरी खाणाऱ्या आमच्या पोरांना ती पांढरी भाकरी कागदासारखी वाटली. पहिल्या दिवशी प्रत्येकानं सहा-सात खाल्ल्या तरी भूक राहिली. माळकऱ्यानं कोरडा भात खाल्ला. हे एका म्हातारीच्या लक्षात आलं. तिनं विचारलं, हा का खात नाही? सांगितल्यावर तिनं दुसऱ्या दिवसापासून वेगळ्या टोपात डाळ शिजवायला सुरुवात केली. टोप नवा होता, तिच्या नातीच्या लग्नासाठी आणून ठेवलेला. तिची बोली यांना निम्मी कळायची. आतेभावाला वाटलं होतं, मुसलमान गाव म्हणजे आपली बोली चालेल. पण तो दखनीत बोलायला लागला की ती म्हातारी माळकऱ्याकडं बघून विचारायची, "ह्यो काय बोलतंय?" तिची भाषा कोकणी मराठी, आणि टोळीत ती सगळ्यांत चांगली कुणाला कळायची, तर त्या माळकऱ्याला. आपण मुसलमान म्हणजे सगळे एकसारखे, असं बाहेरचे समजतात म्हणून आपण चिडतो. पण आपणही कधीकधी तसंच समजत असतो.

नवव्या दिवशी त्या गावातली डीपी चार्ज झाली. आधी मशिदीसमोरच्या खांबावरचा दिवा लागला. मशीद बंदच होती. सरकारी हुकूम होता, नोव्हेंबरपर्यंत कुठलीच प्रार्थनास्थळं उघडली नाहीत. दिवा लागल्यावर पोरं ओरडली, बायका दारात आल्या. म्हातारीनं विचारलं, आता मोबाईल लागंल काय? टॉवर आदल्या दिवशीच सुरू झाला होता, पण फोनची बॅटरी मेलेली. तिनं फोन चार्जिंगला लावला आणि त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसून राहिली.

आता मिरजगावची गोष्ट.

त्याच दिवसांत आमच्याकडं पहिला वळवाचा जोरदार पाऊस झाला. आमच्या गल्लीची डीपी जळाली. एरवी असं झालं की आतेभाऊ आणि त्याचे जोडीदार धावपळ करतात, तात्पुरती कुठून तरी जोडणी करून देतात. या वेळी निम्मी माणसं कोकणात. जी मागं होती, त्यांच्यावर दुप्पट गावं. एक दिवस गेला, दुसरा गेला. गिरणीत डब्यांची रांग लागली. पेरणीचे दिवस, बोअर बंद, पिण्याच्या पाण्याची ओरड. लोक मला बोलत होते, कारण वायरमन माझा भाऊ. "तुमचा भाऊ तिकडं लोकांची लाईट जोडतोय व्हय? आन् इथं आम्ही अंधारात?"

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन लागला. मी हालहवाल विचारली नाही. मी म्हणालो, "तुला दुनियेची पडलीय, घरची नाही. गिरणी तीन दिवस बंद आहे. तुझ्या नावानं मला शिव्या ऐकाव्या लागतात. कुणासाठी करतोयस हे? कायम करणार आहेत का तुला?" तो ऐकत राहिला. पाठीमागं पावसाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "भाई, यहाँ बारा दिन हो गये." आणि फोन कट झाला. रेंज गेली असेल. त्यानं ठेवला असंही असेल. मी कधी विचारलं नाही.

ज्या माणसाला मी जाताना सांगितलं होतं की हे गाव तुझं कुणी नाही, त्यालाच मी आता त्याच गावाच्या नावानं दोष देत होतो. हे त्या रात्री चिमणीच्या उजेडात बसलो तेव्हा कळलं. उशिरा कळलं.

नंतर मी या विषयावर थोडं वाचलं. अमेरिकेत वादळं नेहमीची. तिथल्या वीज कंपन्यांनी आपापसांत आधीच ठरवून ठेवलेलं असतं: ज्याच्याकडं वादळ येईल त्याला बाकीच्यांनी माणसं आणि गाड्या द्यायच्या, खर्च बोलावणाऱ्यानं उचलायचा. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळानं न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचा भाग अंधारात घातला, तेव्हा पार दुसऱ्या टोकाच्या कॅलिफोर्नियातून लाईनीवरची माणसं त्यांच्या गाड्यांसकट लष्कराच्या मालवाहू विमानांतून नेली. पण त्याच अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्टो रिको बेटावर २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं, तेव्हा अशी नेहमीची मदत पहिले कितीतरी आठवडे मागितलीच गेली नाही. शेवटच्या घरापर्यंत लाईट पोचायला जवळजवळ अकरा महिने लागले. आपल्याकडं ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पुरात बुडालं, तेव्हाही बाहेरच्या जिल्ह्यांतून वायरमन गेले होते.

हे वाचताना एक गोष्ट मला कुठंच सापडली नाही. जिथून माणसं गेली, तिथं मागं काय झालं? कॅलिफोर्नियातल्या त्या गल्लीत त्या आठवड्यात फ्यूज उडाला असेल, तर किती वेळ लागला? मदतीचा हिशेब नेहमी घेणाऱ्याच्या बाजूनं लिहिला जातो. किती खांब उभे केले, किती गावं उजळली. देणाऱ्याच्या गावात तेवढे दिवस किती अंधार होता, ते कुणी मांडत नाही. पण माणसं काही हवेतून येत नाहीत. कोकणातल्या त्या वाडीची लाईट मिरजगावातल्या आमच्या गल्लीतून काही दिवसांसाठी काढून नेलेली होती. फरक एवढाच की आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो.

आपल्याकडं फर्ज-ए-किफाया म्हणून एक कल्पना आहे. इतर वाचकांसाठी सांगतो. काही कर्तव्यं प्रत्येकावर वेगवेगळी असतात, जशी नमाज. काही सगळ्या समाजावर मिळून असतात, जशी जनाजाची नमाज. गावात कुणी वारलं आणि चार लोकांनी जनाजाची नमाज पढली, तर सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. कुणीच पढली नाही, तर सगळं गाव गुन्हेगार. मला हे मदरशात सांगितलं तेव्हा मी त्याचा सोयीचा अर्थ काढला होता: कुणीतरी करतंय ना, मग आपण सुटलो. आतेभावाच्या त्या तीन आठवड्यांनी मला त्याचा दुसरा अर्थ दिसला. जो जातो तो आपल्या सगळ्यांच्या वतीनं जातो. तो खांबावर चढलेला असतो तेव्हा आपल्या वाट्याचं कर्ज फेडत असतो. मग मागं राहिलेल्यांनी निदान त्याला फोनवर शिव्या तरी देऊ नयेत. तीन दिवसांचा अंधार हा माझ्या वाट्याचा हिस्सा होता. तो मी कुरकुरत दिला.

तो जूनच्या शेवटी परत आला. काळा पडलेला, हाताला फोड, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या. म्हातारीनं पिशवीत रोठा सुपारी आणि आमसुलं दिली होती. श्रीवर्धनचा रोठा मोठा नावाजलेला, पण त्या वर्षी ती सुपारी पडलेल्या झाडांची होती. नवं झाड धरायला कितीतरी वर्षं लागतात. फुफीनं ती सुपारी फोडली नाही, कपाटात ठेवली. माळकऱ्याचा फोन आषाढीला आला. म्हणाला, "यंदा आपली वारी म्हसळ्याला झाली."

ठेकेदारानं त्या दिवसांचे जादा पैसे लगेच दिले नाहीत. कायम माणसांना भत्ता मिळाला, यांचं नंतर बघू. चार महिन्यांनी थोडे मिळाले. हेही लिहायला हवं, कारण असल्या कामाचं कौतुक करणं स्वस्त असतं. ज्याच्या जिवावर राज्याच्या एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकाला जातो, तो खांबावरून पडला तर त्याच्या घराचं काय, याचं उत्तर वादळाच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. सत्कार नंतर करा.

२१ ऑगस्टला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं आमच्या जिल्ह्यातल्या त्या परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं न्यायालयानं म्हटलं. मी ती बातमी मोबाईलवर आतेभावाला दाखवली. त्यानं वाचली, मान हलवली आणि म्हणाला, आत्ताच त्या वस्तीवरून आलो. कुठल्या, ते मला सांगावं लागलं नाही. पुन्हा फ्यूज गेला होता. मी विचारलं, "मग? पाणी दिलं का?"

"दिया. चाय भी."

"तू घेतलास?"

माझ्याकडं बघून तो म्हणाला, "प्यास लगी थी, भाई."

पुढच्या वर्षी, २०२१ ला, ईदनंतर दोनच दिवसांनी तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडं गेलं. पुन्हा लाईनी पडल्या. आतेभावाची पिशवी पुन्हा भरली गेली. या वेळी मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो आणि परत येऊन गिरणीच्या दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: "आपल्या गावचे वायरमन कोकणात लाईट जोडायला गेले आहेत. लाईट गेली तर वेळ लागेल. दळण लवकर आणावे."

लोक वाचायचे. काही जण कुरकुरायचे. एक म्हातारा रोज यायचा, फळा वाचायचा आणि विचारायचा, "आली का तिकडची लाईट?"